चेकरपुढची रिकामी जागा

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि चेकरसाहेबांनी वहीत खूण केली. बटाट्यांना चार शिट्ट्या लागतात अशी नोंद त्यांनी स्वतःच पहिल्या पानावर करून ठेवली होती, आणि बायको तीनवरच गॅस बंद करते असा त्यांना जुना संशय होता. बायकोने तीनवरच गॅस बंद केला. साहेबांनी लाल पेनाने 'फरक : एक' असं लिहिलं आणि समाधानाने खुर्चीत मागे टेकले. बटाटे नेहमीसारखेच मऊ शिजले होते, पण तो मुद्दा वेगळा.

उगाच गैरसमज नको. चेकरसाहेब वाईट माणूस मुळीच नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. तिथली पद्धत अशी की एकाने नोंद करायची, त्याला मेकर म्हणत. दुसऱ्याने ती तपासून खाली सही ठोकायची, तो चेकर. मेकर आले नि गेले, चेकर मात्र हेच. चौतीस वर्षांत त्यांच्या लाल खुणेशिवाय गावात कोणी अधिकृतपणे जन्माला आलं नव्हतं, आणि मरायची तर कोणाची टापच नव्हती. असा माणूस निवृत्त झाला, कचेरीने त्याला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि त्याने घरी आल्याबरोबर काय केलं असेल? घड्याळ तपासलं. दीड मिनिट मागे होतं.

मग नळ तपासून झाले, कड्या तपासून झाल्या, इस्त्रीच्या कपड्यांची यादी तपासून झाली. बायकोने चार महिने हे सगळं हसत काढलं. पाचव्या महिन्यात तिने खालच्या मजल्यावरच्या टीचरबाईंकडे इंग्रजीचा क्लास लावला. दर सोमवारी दुपारी, इमारतीतल्या अकरा जणी. इंग्रजीची तिला हौस होती हे खरं, पण दुपारचे दोन तास कोणी न तपासता मिळतात याची हौस जास्त असावी, असा आमचा अंदाज आहे.

गृहपाठाची वही घरी आली की ती साहेब तपासणार, हे ओघानं आलंच. त्या मंगळवारी त्यांनी वही उघडली. वर बाईंनी सांगितलेलं सगळं बायकोने इमानदारीत उतरवून घेतलं होतं : 'शब्दाच्या शेवटी अर लागला की तो ते काम करणारा. माणूस असेल, वस्तूसुद्धा असेल. टीचर शिकवते, पेंटर रंगवतो, टोस्टर भाजतो. काही शब्द फसवे असतात. फादर म्हणजे फाद करणारा नव्हे. फिंगरचंही तसंच. गृहपाठ : आपल्या घरातले अर शोधा आणि प्रत्येकापुढे तो काय करतो ते लिहा.'

खाली यादी होती.

'कुकर : शिजवतो. मिक्सर : वाटतो. लायटर : पेटवतो. हीटर : तापवतो. कूलर : थंड करतो (असं दुकानदार म्हणाला होता). चेकर :'

चेकरच्या पुढे काहीच नव्हतं.

"अगं, हे अपुरं आहे," साहेब म्हणाले.

"कुठलं?"

"शेवटचं. चेकरपुढे लिहायचं राहिलं."

"राहिलं नाही हो. सुचलं नाही."

"न सुचायला काय झालं? चेकर तपासतो!"

"तेच लिहिलं होतं आधी." बायको हात पुसत बाहेर आली. "पण मग म्हटलं, कुकरने शिजवलं की बटाटे शिजतात. लायटरने पेटवलं की गॅस पेटतो. तुम्ही तपासलं की..." ती खरोखरच विचारात पडली. "तुम्ही तपासलं की काही होत नाही हो. आधी असतं तसंच राहतं ते. म्हणून खोडलं."

हे तिने टोमणा म्हणून मारलं असतं तर साहेबांना चांगलं खणखणीत भांडता आलं असतं. पण ती गणित अडलेल्या मुलीसारखी बोलली आणि आत निघून गेली. साहेब वहीकडे बघत राहिले. घरातला कूलरसुद्धा काहीतरी करत होता, निदान दुकानदाराच्या मते तरी. त्यांच्यापुढेच काय ती जागा रिकामी होती, आणि पुढच्या सोमवारी ही यादी अकरा जणींसमोर मोठ्याने वाचली जाणार होती. त्यांच्या जिवाला ते फार लागलं.

तासाभराने ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"चेकर खोड आणि मेकर लिही. मेकर : करतो."

"काय करतो?"

"सोमवारच्या आत करून दाखवतो. तुला ओट्यावर डब्यांसाठी फळी हवी होती ना?"

"अकरा वर्षं झाली त्याला," बायको म्हणाली.

"मग आता होईल."

 बायको गॅसवरचं दूध उतू जाणार नाही इतपत त्यांच्याकडे बघत राहिली.

पहिला सल्ला शेजारच्या इंजिनिअरचा. हे गृहस्थ जन्मभर ड्रिल मशिन विकत आले होते आणि अजूनही त्यांच्याकडे एक नवंकोरं मशिन डब्यात होतं. त्यांनी ते आनंदाने दिलं. स्वतः मात्र आयुष्यात एकही भोक पाडलं नव्हतं, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विक्री हे वेगळंच शास्त्र आहे. "साहेब, सगळी गंमत कानात आहे," ते म्हणाले. "आधी भिंत वाजवायची. भरीव वाजली तर बेधडक घुसायचं. पोकळ वाजली तर सोडून द्यायचं."

साहेबांनी घरी येऊन स्वयंपाकघराची भिंत बोटाने ठोकली. टक टक. कान लावला. आतून उत्तर आलं : टक टक. साहेब दचकले. पुन्हा तीनदा ठोकलं, पुन्हा तीनदा उत्तर. मिनिटभराने दाराची बेल वाजली आणि पायांत चपला सरकवत इंजिनिअर हजर. "बोलावलंत?" असं कळलं की भिंतीच्या पलीकडे त्यांचंच स्वयंपाकघर होतं. आले तसे चहा घेऊन गेले. संध्याकाळी साहेबांनी भिंत पुन्हा वाजवली, तेव्हा ते पुन्हा आले आणि पुन्हा चहा घेऊन गेले. भिंत भरीव आहे की पोकळ हे शेवटपर्यंत कळलं नाही, साखर मात्र संपली.

बुधवारी परवानगी. इमारतीत भोक पाडायचं तर सेक्रेटरींचा छापील अर्ज भरावा लागे. साहेबांनी तो इतक्या सुवाच्य अक्षरात भरला की फ्रेम करून लावावा. तरी अर्ज परत आला.

"काम करणाऱ्याचा हुद्दा भरलेला नाही," सेक्रेटरी म्हणाले. "कार्पेंटर, पेंटर, प्लंबर, इतर. यातल्या एकावर गोल करायचा."

"मी मेकर आहे."

"तसा पर्याय नाही."

"लिहून घ्या की खाली."

"छापील अर्जावर लिहून घेता येत नाही, साहेब. हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

हे मात्र बरोबर होतं. असल्या अर्जांवर वर-खाली लिहून आणलेलं साहेबांनी स्वतः चौतीस वर्षं परत पाठवलं होतं. त्यांनी निमूटपणे 'इतर'वर गोल केला. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणूस शेवटी इतर. शब्दाच्या शेवटी अर होता, एवढंच काय ते समाधान. परवानगी मिळाली : गुरुवार, सकाळी अकरा ते दुपारी एक.

आता साहेबांनी एक कागद तयार केला. स्वतः केलेलं काम स्वतःच पास करायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. कचेरीत कोणी तसं केलं असतं तर त्यांनी त्याची गय केली नसती. म्हणून कागदाचे दोन रकाने पाडले. डावीकडे मेकर म्हणून स्वतःची सही, उजवीकडे चेकर म्हणून बायकोची. पहिली पायरी : जागा ठरवली. दुसरी : पट्टीने रेघ मारली. तिसरी : भिंतीत या जागी पाण्याचा पाइप नाही याची खात्री केली. चौथी : भोक पाडले.

गुरुवारी साडेअकराला तिसऱ्या पायरीशी साहेबांचं पेन क्षणभर थबकलं. पाइपचं काय करायचं? पण पलीकडच्या रकान्यात चेकरची सही होणारच होती. काही चुकत असलं तर चेकर परत पाठवेलच, चेकर असतो कशाला? त्यांनी सही केली आणि कागद बायकोपुढे धरला. तिचे हात ओले होते. तिने पदराला पुसले, कागद वरून खालपर्यंत पाहिला, तिसऱ्या ओळीवर तीही जराशी थांबली, नवऱ्याकडे बघितलं आणि चारही ठिकाणी सही करून टाकली.

"वाचलंस ना?"

"वाचलं की."

सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. साहेब स्टुलावर चढले, चष्मा वर सरकवला, मशिनचा घोडा दाबला. पहिली दहा मिनिटं भिंतीवरून नुसती पांढरी पूड पडली. मशिन उलटं फिरत होतं. ते कळून ते सुलटं करेपर्यंत, मध्ये वायर अपुरी पडली म्हणून दुसरी आणेपर्यंत, आणि भिंतीच्या पलीकडून इंजिनिअर "बोलावलंत?" म्हणून येऊन जाईपर्यंत एक वाजत आला. मग टोक एकदम आत गेलं. साहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

पुढच्याच क्षणी भिंतीतून पाण्याची धार आली आणि ते तेज धुऊन निघालं.

धार कोमट होती. ती आधी चष्म्यावर, मग बनियनवर, मग समोरच्या डब्यांवर आणि सरतेशेवटी खाली ठेवलेल्या दोन सह्यांच्या कागदावर पडली. साहेबांनी भोकावर अंगठा दाबला. धार बारीक झाली आणि बाजूने फवारा उडायला लागला. "अगं, बोलाव!" ते ओरडले. "कोणाला?" "कोणालाही! अर असलेल्या कोणालाही!"

आधी इंजिनिअर आले. त्यांनी धारेकडे पाहिलं आणि मशिनच्या दर्जाबद्दल दोन चांगले शब्द बोलले. मग सेक्रेटरी आले. त्यांनी धारेकडे नाही, घड्याळाकडे पाहिलं.

"एक वाजून दहा मिनिटं. परवानगी एकपर्यंतच होती."

"भोक एकच्या आत पडलंय," साहेब अंगठा न काढता म्हणाले. "पाणी एकनंतर आलं."

सेक्रेटरींनी ओला कागद दोन बोटांनी उचलला. "पाइप नाही याची खात्री केली. मेकरची सही. चेकरची सही." त्यांची मुद्रा निवळली. "मग कागदोपत्री काही दोष दिसत नाही." पाणी तोवर हॉलपर्यंत पोचलं होतं.

इतक्यात टीचरबाई वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून ठिबकायला लागलं होतं, आणि नेमकं क्लासच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर. बाईंनी कोणालाही काही विचारलं नाही. सेक्रेटरींच्या कमरेला गच्चीच्या किल्ल्या लटकत होत्या, त्या त्यांनी पट्ट्यातून सोडवून घेतल्या आणि जिना चढून गेल्या. दोन मिनिटांत टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि धार थांबली. खाली उतरताना त्या दारातूनच म्हणाल्या, "प्लंबरला फोन केलाय. चारला येईल. तोपर्यंत या घरातल्या बाकीच्या अरनी कशाला हात लावू नये."

बाकीचे अर म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं. साहेबांनी अंगठा काढला. तो पांढराफटक आणि सुरकुतलेला होता.

प्लंबर चारला आला. त्याने भोक पाहिलं आणि त्याला मनापासून कौतुक वाटलं. "नेमका पाइपच्या मधोमध! मला मुद्दाम सांगितलं असतं तरी इतकं अचूक जमलं नसतं." मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि ओटा पुसत असलेल्या बायकोला विचारलं, "ताई, पाइप कुठून कुठून जातो हो?"

"गीझरपासून सरळ खाली, नळाच्या डाव्या अंगाने," ती म्हणाली, "आणि ओट्याच्या खालून वळतो. दुरुस्तीला फोडलं होतं एकदा, तेव्हा पाहिलाय मी."

साहेब ओल्या बनियनवर तसेच उभे होते. "तुला माहीत होतं?"

"बावीस वर्षं इथंच उभी आहे, मला नाही माहीत तर कोणाला?"

"मग सही कशी केलीस?"

"तुम्ही लिहिलं होतंत ना, खात्री केली म्हणून," ती बिचारी गोंधळून म्हणाली. "वाचताना वाटलं मला, इथे तर पाइप आहे. पण म्हटलं, तुम्ही काहीतरी बघितलं असेल. तुम्ही केलंत म्हटल्यावर बरोबरच असणार."

"आणि मी खात्री केली असं लिहिलं," साहेब हळूहळू म्हणाले, "कारण पुढे तुझी सही व्हायची होती."

प्लंबरने एकदा साहेबांकडे, एकदा ताईंकडे पाहिलं. "म्हणजे बघितलं कोणीच नाही," तो म्हणाला आणि भिंत फोडायला लागला.

साहेबांना त्या क्षणी बायकोचा राग यायला हवा होता, पण आला नाही. चौतीस वर्षांत 'तुम्ही केलंत म्हटल्यावर बरोबरच असणार' हे त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला म्हटलं नव्हतं. मग त्यांना दुसरंच आठवलं. सायंकाळी पाचला नोंदींचा गठ्ठा समोर यायचा आणि साडेपाचची बस पकडायची असायची. मेकरने नीटच लिहिलं असेल म्हणून सह्या सरासर व्हायच्या. मेकरलाही वाटत असेल की साहेब बघतीलच. गावात कोणीतरी अजूनही भलत्याच तारखेला वाढदिवस साजरा करत असेल. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली.

"बॅटरी धरा जरा," प्लंबर म्हणाला. "आज हेल्पर नाही आला माझा."

साहेबांनी बॅटरी धरली. तासभर, न हलता, सांगेल तिकडे. नवीन तुकडा बसला. मग प्लंबरने व्हॉल्व्ह उघडायला लावला, सांध्याभोवती कोरडं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि चक्क खाली बसून राहिला.

"आता काय?"

"आता बघायचं."

"तुमचं काम तपासतं कोण?" साहेबांनी विचारलं. प्रश्न अगदी मनापासूनचा होता.

"पाणी," प्लंबर म्हणाला. "कागद ओला झाला तर नापास. पाण्याला काही सांगून उपयोग नसतो साहेब, ते सही करत नाही."

वर्तमानपत्र वीस मिनिटांनीही कोरडं होतं. 

शुक्रवारी सकाळी ते स्वयंपाकघरात आले ते लाल पेनाशिवाय. कुकरची तिसरी शिट्टी झाली, बायकोने गॅस बंद केला. साहेब काही क्षण घुटमळले.

"तीनच का गं?"

बायकोने चमकून पाहिलं. "गॅस बंद केल्यावरही वाफ आत असतेच ना. तिच्यावर उरलेले शिजतात. चारला फुटतात."

"अच्छा," साहेब म्हणाले. चार महिने रोज नोंद करून त्यांना जे कळलं नव्हतं, ते विचारल्यावर दहा सेकंदांत कळलं. मग त्यांनी घसा साफ केला. "फळी कुठे लावू?"

"अजून लावायची आहे?"

"सोमवारच्या आत म्हणालोय मी."

ती त्यांना दुसऱ्या भिंतीपाशी घेऊन गेली. इथे पाइप नाही, इथे वायर नाही; इतकी उंच नको, माझा हात पोचायला हवा; आणि खालून आधार द्या, डबे जड असतात. साहेबांनी एकेक विचारलं आणि एकेक ऐकलं. सेक्रेटरींनी नवा अर्ज घेतला. हुद्दा पुन्हा इतर, पण यावेळी साहेबांनी गोल मुकाट्याने, किंबहुना जरा ऐटीतच केला. शनिवारी बारा वाजता चार भोकं पडली आणि एकातूनही काही बाहेर आलं नाही. पलीकडून टक टक झालं. बायकोने आतून ओरडून सांगितलं, "नाही बोलावलं, भाऊ!"

फळी लागली. डावीकडे किंचित उतरती होती, वाटाणा ठेवला तर घरंगळेल इतकी. साहेब बाजूला झाले आणि बायकोकडे पाहत उभे राहिले. कागद नव्हता, रकाने नव्हते. तिने फळीला लोंबकळून पाहिलं. खालून बोट फिरवलं. एकेक डबा आणून ठेवला, पिठाचा मोठा सगळ्यात शेवटी. कोण जाणे का, साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. कचेरीत त्यांच्या टेबलापलीकडे मेकर लोक असेच उभे असत. ते असं का करतात याचं त्यांना कधी कुतूहलही वाटलं नव्हतं.

"बरी आहे," बायको म्हणाली. "पण खरं काय ते सोमवारी सांगेन. दोन दिवस डब्यांना बघू दे."

सोमवारपर्यंत फळी पडली नाही. दुपारी बायको वही घेऊन निघाली. वही तिच्या काखेत होती, साहेब दारात होते, आणि हात आपोआप पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेऊन खिशात घातला.

"बघायची नाही?" तिने विचारलं.

"तू लिहिलंस म्हटल्यावर बरोबरच असणार," साहेब म्हणाले.

दोन तास त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फळीवरचे डबे तीनदा सारखे केले. उतारामुळे ते तीनदा डावीकडे सरकले. मध्येच खालून अकरा बायकांचं हसणं जिन्यातून वर आलं. साहेबांचे कान तापले. 'मेकर : भिजवतो' लिहिलं असेल. लिहिलं असेल तर खोटं तरी कुठे होतं? बायको परत आली, चपला काढल्या, वही फळीवर ठेवून चहाचं आधण ठेवलं. वही हाताच्या अंतरावर होती. साहेबांनी तिला हात लावला नाही.

"हसलात कशाला एवढ्या?" त्यांनी विचारलं.

"पाण्याची गोष्ट सांगितली टीचरबाईंनी. आणि पुढचा धडा सुरू केला. म्हणे अरचं आणखी एक काम असतं, आधीपेक्षा जास्त आहे असं दाखवायचं. बेटर, स्ट्राँगर. तुमचा फळीचा दुसरा प्रयत्न उदाहरणाला घेतला."

साहेब सुखावले, पण ते दाखवलं नाही. 

"मेकर लिहिलंस ना?"

"नाही. चेकरच राहू दिलं."

"हं." त्यांचा आवाज जरा बसला. "त्याच्यापुढे काय लिहिलंस?"

बायकोने कप ठेवला, वही काढली, पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. कुकर शिजवत होता, लायटर पेटवत होता, कूलर कंसातल्या कंसात थंड करत होता. शेवटची ओळ तिने नव्या शाईने पुरी केली होती, आणि शेजारी टीचरबाईंची बरोबरची लाल खूण होती.

'चेकर : विचारतो. (शुक्रवारपासून.)'